चाकाखाली काय आलं?

सरांच्या मोटरसायकलला चार आरसे होते. दोन गाडीबरोबर आलेले आणि दोन त्यांनी सिंदेवाहीच्या मेकॅनिककडून मुद्दाम बसवून घेतलेले, मेटॅडोरला असतात तसले लांबुडके. मेकॅनिक आधी नाहीच म्हणत होता, मग गुरुजींपुढे त्याचं काही चाललं नाही. शाळेतली पोरं म्हणायची, गुरुजीची गाडी समोर कमी अन् मागंच जास्त पाहते. हे सरांच्या कानावर गेलं तेव्हा ते मनापासून हसले आणि म्हणाले, ज्यानं म्हटलं ते पोरगं निबंध चांगला लिहील.

त्या गाडीच्या मागच्या सीटवर माझ्या नोकरीची पहिली कितीतरी वर्षं गेली. मी मूळची चंद्रपूर शहरातली. नोकरी लागली ती जंगलापलीकडच्या एका गावातल्या जिल्हा परिषद शाळेत, म्हणून सिंदेवाहीला खोली घेऊन राहिले आणि रोज अप-डाउन करायला लागले. एसटी होती, पण ती शाळेच्या वेळेशी कधी जुळायची नाही. स्वतःची स्कूटी घ्यायची हिंमत नव्हती, कारण मधे जंगलाचा पट्टा होता आणि त्यात वाघ होते. हे मी कुणाला घाबरवायला सांगत नाही. मोठ्या शहरात सिग्नल असतात तसे आमच्याकडे वाघ असतात. आडवा आला की थांबायचं, गेला की निघायचं. पण हे चारचाकीत बसून सांगणं सोपं आहे.

सरही सिंदेवाहीहूनच त्या शाळेत जायचे, पन्नाशीच्या आसपासचे, मराठी शिकवायचे. अंगानं किरकोळ, कानाला मफलर, आणि गाडीचा वेग असा की सायकलवरची पोरं घंटी वाजवत पुढे निघून जात. मला वाटलं, चला, सावकाश माणूस मिळाला. पहिल्याच सकाळी जंगलाच्या अलीकडे गाडीला किंचित धक्का बसला आणि सरांनी ब्रेक मारला.

"मॅडम, चाकाखाली काय आलं?"

मी म्हटलं, दगड असेल.

"असेल म्हणता का होता म्हणता?"

मला वाटलं, मराठीचे शिक्षक आहेत, व्याकरण तपासताहेत. तोवर त्यांनी गाडी वळवली होती. धक्का बसला त्या जागी गेलो. त्यांनी स्टँड लावला, रस्ता पाहिला, दोन्ही बाजूंची झुडपं वाकून पाहिली, चाक पाहिलं. एक दगड होता. त्यांनी तो उचलून बाजूला ठेवला, जवळजवळ माफी मागितल्यासारखं. निघालो. थोडं पुढे गेल्यावर पुन्हा वेग कमी झाला. दगड होता हे खरं, पण त्यांनी झुडपामागं नीट पाहिलं होतं का? पुन्हा मागे. त्या दिवशी आम्ही शाळेत पोचलो तेव्हा परिपाठ संपून गेला होता.

गोष्ट एवढीच होती. गाडीला धक्का बसला की सरांना वाटायचं, आपण कुणाला तरी उडवलं. लेकरू असेल, म्हातारी असेल, मोहफुलं वेचणारी कुणी असेल, आणि ती आता झुडपात पडली असेल, आणि आपण शिट्टी वाजवत निघून चाललोय. उभ्या आयुष्यात त्यांच्या गाडीनं कुणाला साधं खरचटलंही नव्हतं. हे त्यांना माझ्याइतकंच ठाऊक होतं. पण ठाऊक असून भागत नसे. त्यांना 'असेल' नको असे, 'होता' हवं असे.

मी वेळेची पक्की बाई आहे. उशीर झाला की माझं डोकं फिरतं. त्यामुळे आठवड्याभरातच मी उपाय शोधला. धक्का बसायचा अवकाश, सरांनी विचारायच्या आधीच मी मागून ठणकावून सांगायचे, "दगड होता, सर. मी पाहिला." कधी बैलाचं शेण होतं, कधी फांदी होती, कधी माझ्या मनानं काहीही होतं. सर हुश्श करायचे आणि गाडी पुढे जायची. पुढच्या धक्क्यापर्यंत. हळूहळू त्यांना एकदा सांगितलेलं पुरेनासं झालं. "पक्का होता ना?" "पक्का, सर." "तुमी सोता पाहिला ना?" "स्वतः पाहिला, सर." वर्गातल्या पोरांना पाढे म्हणून घेतात तसं चाललेलं असायचं सगळं.

शाळेत मात्र हेच सर वेगळे होते, म्हणजे तसेच होते, पण तिथे ते शोभायचं. सहलीला नेलेलं पोरगं त्यांच्या हातून कधी मागे राहिलं नाही. वर्गात ज्याला वाचता येत नाही त्याच्यापाशी ते पुन्हा पुन्हा वळून यायचे, न कंटाळता. बाकीचे आम्ही अभ्यासक्रम संपवायचो. माझं त्यांच्यावर जे प्रेम जडलं ते तिथे जडलं, मोटरसायकलवर नाही.

त्यांची खरी परीक्षा लाखोळीच्या दिवसांत असे. आमच्याकडे धान निघालं की त्याच ओलीवर बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, लाखोळीचं कडधान्य टाकतात. माघ-फाल्गुनात ती उपटून डांबरी रस्त्यावर पसरतात. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांच्या चाकांखाली शेंगा फुटतात आणि फुकटात मळणी होते. सगळे त्यावरून बिनधास्त गाड्या घालतात, घालाव्यात अशीच मालकाची इच्छा असते. सरांना ते ढीग दिसले की घाम फुटायचा. त्याखाली एखादं लेकरू झोपलं असेल तर? सर गाडीवरून उतरायचे, काठी घ्यायचे आणि सगळी लाखोळी उकरून पाहायचे.

एकदा ते असे काठीनं उकरत असताना लाखोळीची मालकीण, एक म्हातारी, जवळ आली. तिनं विचारलं, "काय हारपलं जी गुरुजी?" सर काय सांगणार. म्हणाले, काई नाई बाई, पाहून राह्यलो. म्हातारीला वाटलं, गुरुजी लाजून राह्यले. तिनं सुनेला हाक मारली, सुनेनं शेजारणीला, आणि पाहता पाहता अर्धी आळी वाकून लाखोळीत हात घालायला लागली. कुणीतरी ठरवून टाकलं की अंगठी असावी, लग्नातली असावी. सर "नाई जी, काई नाई हारपलं" म्हणत होते, आणि ते जितकं म्हणत तितकी लोकांना त्यांची जास्त दया येत होती. पुढे कितीतरी दिवस गाव अंगठी शोधत होतं. एक बाई पितळेची जुनी बाळी घेऊन शाळेत आली आणि म्हणाली, हे तं नाई ना गुरुजी? सरांनी ती दोन्ही हातात धरून पाहिली आणि डोळ्यांत पाणी आणून परत दिली.

अंगठी नव्हतीच हे गावाला कधीतरी उमगलं असणार. पण त्यावरून कुणी हसल्याचं मला आठवत नाही. पुढच्या वर्षी आमची गाडी दिसली की ती म्हातारी स्वतःच लाखोळीचा एक पट्टा बाजूला सारायची आणि मोकळा रस्ता दाखवायची. "पाहा गुरुजी, काई नाई. जा आता." सरांसाठी दगड 'होता' म्हणणारी मी एकटी नव्हते, सगळं गाव होतं.

सरांच्या घरी मी वरचेवर जायचे. मी त्यांच्या पत्नीला काकू म्हणायचे. काकू विहारात बायकांना वंदना शिकवायच्या, आवाज असा खणखणीत की लाउडस्पीकरची गरज नाही. त्या माझ्यासमोर सरांची भरपूर चेष्टा करायच्या. यांले चमचा मागितला की हे पाह्यतात, तो खाली पडून कोणाले लागला तं नाई, वगैरे. पण एका संध्याकाळी सर दिवेलागणीनंतर कितीतरी उशिरा घरी आले. मी त्या दिवशी रजेवर होते आणि संध्याकाळी काकूंकडेच बसले होते. म्हणजे रस्त्यात ते एकटे होते, 'होता' म्हणायला कुणी नव्हतं, आणि जंगलाच्या पट्ट्यात ते पुन्हा पुन्हा मागे जाऊन झुडपं पाहत राहिले होते. त्याच महिन्यात शेजारच्या गावची एक बाई सरपणाला गेली ती वाघानं नेली होती. वनखात्यानं रस्त्याला बोर्ड लावले होते, थांबू नका, एकटे उतरू नका.

काकूंनी मला बाहेर ओसरीत नेलं आणि त्यांचा तो आवाज पहिल्यांदा खाली आला. "मॅडम, वाघाले मी नाई भेत. वाघ आपल्या वाटेनं जाते. पण हे जे झुडपात वाकून पाह्यतात ना, हेच यांले खाईन एक दिवस."

आणि तेव्हा मला ठाऊक होतं, आणि त्यांना अजून ठाऊक नव्हतं, की माझी बदली होणार आहे. नवरा चामोर्शीला शिक्षक, मी इकडे. दोघांना एका जिल्ह्यात आणायच्या यादीत माझं नाव लागलं होतं. उन्हाळ्यात मी कार्यमुक्त होणार आणि जूनअखेर शाळा उघडली की सर त्या रस्त्यानं एकटे येणार-जाणार. मी हे सांगितलं तेव्हा सर आधी आनंदले, माझ्या संसाराचं बघून. मग म्हणाले, "मंग मले आता शिकाच लागते."

त्यांची मुलगी चंद्रपूरला नर्सिंग शिकत होती. ती त्यांना तिथल्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि सांगितलं की अर्धं काम गोळीचं, अर्धं तुमचं. त्या अर्ध्या कामासाठी एक पातळ मराठी पुस्तिका दिली. सर ती घेऊन शाळेत आले ते एखादा हरवलेला शब्द सापडल्यासारखे. "मॅडम, याले आपल्या मराठीत मंत्रचळ म्हणतात. किती जुना शब्द आहे पाहा. म्हणजे माह्यासारखे आधीपासूनच होते." आपल्या आजाराला आपल्या भाषेत नाव आहे याचा त्यांना एवढा आनंद झाला की मधल्या सुट्टीत डबा उघडायचा राहून गेला.

पुस्तिकेतलं त्यांनी मला शिक्षकासारखं समजावलं. मागे जाऊन पाहिलं की भीती तेवढ्यापुरती जाते, पण तिला सवय लागते, आणि उद्या ती दुप्पट मागते. म्हणून मागे जायचं नाही. भीती चढेल, चढू द्यायची. काही न करता थांबलं की ती आपोआप उतरते. आणि एकदम मोठ्या भीतीला हात घालायचा नाही, सोप्या भीतीपासून सुरू करायचं. सरांनी लगेच आपल्या भीतींना इयत्ता देऊन टाकल्या. सिंदेवाहीच्या बाजारातला गतिरोधक, तिथे सगळं दिसतं, तो पहिलीत. गावाच्या वेशीवरचे खड्डे तिसरीत. जंगलातला धक्का सहावीत. लाखोळी सातवीत. मी विचारलं, आणि नापास झालो तर? ते म्हणाले, आपल्या शाळेत कोणाले नापास करत नाई, पुन्हा बसवतात.

मग ते जरा अडखळले. "अन् मॅडम, यात एक काम तुमचं आहे. मी विचारीन. तुमी 'होता' नाई म्हणायचं."

"मग काय म्हणू?"

"असेल म्हणा. तेवढंच."

मला वाटलं, यात काय मोठंसं. दुसऱ्या दिवशी वेशीवर गाडीला धक्का बसला. सरांनी विचारलं, चाकाखाली काय आलं? मी म्हटलं, "दगड असेल, सर." गाडी थांबली. सरांनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं. त्यांचं तोंड पांढरं पडलं होतं. मजाक नका करू मॅडम, म्हणाले. कालचा सगळा करार ते विसरले नव्हते, पण त्या क्षणी त्यांना तो नको होता. मला रडू आलं. माझ्या एका शब्दानं त्या माणसाला श्वास घेता आला असता, आणि तो शब्द माझ्या तोंडात तयार होता. मी सीटची कडी घट्ट धरली आणि म्हटलं, "असेल." ते गाडी वळवून मागे गेले. शाळेत दिवसभर ते माझ्याशी बोलले नाहीत.

संध्याकाळी निघताना त्यांनी स्वतःच विषय काढला. आजचा पेपर कोरा गेला म्हणाले, उद्या पुन्हा. उद्या त्यांनी एवढंच केलं की लगेच मागे न जाता पुढच्या पुलापर्यंत गाडी नेली आणि मग वळवली. पुलापर्यंत ते मोठ्यानं कविता म्हणत होते, पण जबडा असा आवळलेला की शब्द दातांतून निघत होते. नंतर एके दिवशी पूल आला आणि ते वळलेच नाहीत. पुलावरून नुसतं विचारलं, मागं जाऊ का? मी म्हटलं, तुमची गाडी, तुम्ही ठरवा. खरं तर मला ओरडून 'नका' म्हणायचं होतं. तेही म्हणायचं नसतं, हे मला त्यांनीच शिकवलं होतं.

दिवस सरळ गेले असं नाही. एकदा चौथीतून पुन्हा पहिलीत आले. मुलगी परीक्षेत होती, काकूंना ताप होता, आणि बाजारातल्या गतिरोधकावरूनही ते चारदा मागे गेले. त्या दिवशी मी चिडून म्हटलं, एवढी मेहनत गेली ना पाण्यात. सर म्हणाले, "पोरगं एक दिवस पाढा विसरलं तं शाळेतून काढता का मॅडम?" पोरांना देतात तोच धीर ते स्वतःला द्यायला शिकत होते, आणि ते मला त्यांच्या सगळ्या शिकवण्यापेक्षा अवघड वाटलं.

थंडी सरता सरता मेकॅनिककडे जाऊन त्यांनी ते दोन लांबुडके आरसे काढवून घेतले. मेकॅनिकनं काही विचारलं नाही.

लाखोळी आली. रस्त्यावर हिरवट-पिवळे ढीग पसरले. म्हातारी नेहमीसारखी पट्टा सारायला पुढे आली. सर गाडी बंद न करता तिला म्हणाले, "नका सरकवू बाई. राहू द्या तशीच." म्हातारीनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. तिनं हात मागे घेतला आणि पदर तोंडाला लावून उभी राहिली.

गाडी लाखोळीवर चढली. खाली शेंगा चरचर फुटत होत्या, काहीच दिसत नव्हतं. मधेच चाक कशावरून तरी उचलून खाली आलं. दगड, ओंडका, काय कोण जाणे. मीही मागे वळून पाहिलं, खोटं कशाला बोलू.

"मॅडम, काय होतं?"

"काहीतरी असेल, सर."

सर थांबले नाहीत. त्यांची पाठ माझ्यासमोर होती आणि ती थरथरत होती. शाळा येईपर्यंत ते रडत होते, आवाज न करता. शाळेत येऊन त्यांनी हजेरी घेतली, फळ्यावर तारीख लिहिली, आणि पहिल्या तासाला पोरांना शुद्धलेखन दिलं. मी शेजारच्या वर्गातून सारखी डोकावत होते. दुपारी खिचडीची सुट्टी झाली तेव्हा ते माझ्याजवळ आले. चेहरा ताप उतरलेल्या माणसासारखा ओलसर, मऊ झाला होता. "उतरली," म्हणाले. "पाहाले नाई गेलो, तरी उतरली." मग ते पोरांच्या पंगतीत बसून खिचडी जेवले, दुसऱ्यांदा वाढून घेतली.

पण मी मागे बसलेली असताना आणि एकटं असताना यात फरक होता, आणि तो आम्हा दोघांनाही ठाऊक होता. 'असेल' म्हणायला का होईना, मागे कुणीतरी होतं. उन्हाळ्यात मी चामोर्शीला आले. निरोपाच्या दिवशी सरांनी मला काहीही विचारलं नाही, आणि मीही त्यांना जपून जा म्हटलं नाही. काकूंनी माझी ओटी भरावी तसा अख्खा डबा भरून लाखोळीच्या डाळीची वडी दिली.

जूनअखेर शाळा उघडली. माझी नवी शाळा, नवे चेहरे, नवा वर्ग. दिवसभर मी कामात होते आणि दिवसभर माझ्या डोळ्यांपुढे तो जंगलाचा पट्टा होता. शाळा सुटली. सर आता निघाले असतील. वेशीवर असतील. पट्ट्यात शिरले असतील. एकटा असला की दिवेलागणीनंतर घरी पोचणारा माणूस, म्हणजे फोन आलाच तर रात्री येणार. मी भाजी चिरायला घेतली आणि फोन वाजला. काकू होत्या. बाहेर ऊन होतं.

"मॅडम, आले घरी."

मी विळी बाजूला सारली. काकू हसत होत्या, बोलत होत्या, मधेच नाक ओढत होत्या. आज काय फजिती झाली मॅडम. इतक्या लवकर येतील असं मले काय माईत. दूधवाला बी आला नाई अजून. चहा टाकला तं घरात दूध नाई. कोरा चहा पिऊन राह्यले ओसरीत बसून, अन् म्हणून राह्यले, चांगला झाला.

मी विचारलं, "काकू, रस्त्यात थांबले होते का? मागे गेले होते का कुठे?"

तिकडे काकूंचा आवाज खाली आला.

"थांबले असन का नसन. मी नाई विचारलं. तुमी बी नका विचारू मॅडम. आपुन विचारलं तं मंग ते बी विचारतीन."

मी बरं म्हटलं. माझ्या तोंडात तो प्रश्न अजून आहे, आणि सरांचा फोन दर रविवारी येतो. मी विचारलेलं नाही.